अवरक्त प्रकाशातली दीर्घिका: हबल आणि वेबचे फोटो कसे वाचायचे

देवयानी दीर्घिका बघायला दुर्बीण लागत नाही. तुळशीची लग्नं आटोपली, की पुढच्या अमावास्येच्या आगेमागे रात्री आठ-साडेआठला बेळगावहून जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या बाजूला जावं. गावातले दिवे झाडांआड गेले की थांबावं आणि डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यावी. उत्तरेला शर्मिष्ठेचे पाच तारे सापडतात. तिथून नजर डोक्याच्या दिशेने वर नेली, की एक पुसट, लांबट डाग दिसतो. तो डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक दीर्घिका. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. म्हणजे आज डोळ्यात शिरणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर आजच्यासारखा माणूस नव्हता.

मुलांना हा डाग दाखवला, की थोड्या वेळाने कोणाच्या तरी मोबाइलवर जेम्स वेब दुर्बिणीचा एखादा झगमगीत फोटो निघतोच. मग प्रश्न येतो, "सर, हे खरंच असं दिसूलालंय, की रंगवलंय?" प्रश्न अगदी रास्त आहे. डोळ्यांना राखाडी डाग दिसतो आणि फोटोत लाल-निळे फराटे, सोनेरी जाळी, गुलाबी ठिपके. शिवाय फोटोखाली लिहिलेलं असतं, "अवरक्त प्रकाशात घेतलेला". अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. न दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटो आपण बघतो म्हणजे नेमकं काय बघतो?

बहुतेक लेखांमध्ये या प्रश्नाला एवढंच उत्तर मिळतं, की अवरक्त प्रकाश धुळीतून आरपार जातो म्हणून वेबला जास्त दिसतं. हे चूक नाही, पण अपुरं आहे, आणि त्यामुळे खरी गंमत निसटते. अवरक्त फोटोंमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसतात. जवळच्या दीर्घिकेच्या अवरक्त फोटोत मुख्यतः ताऱ्यांमधली धूळ चमकताना दिसते, म्हणजे डोळ्यांना जे काळं दिसतं ते उजळलेलं दिसतं. फार दूरच्या दीर्घिकेच्या अवरक्त फोटोत मात्र ताऱ्यांचाच प्रकाश असतो. निघताना तो साधा दृश्य किंवा अतिनील प्रकाश होता, वाटेत ताणला जाऊन अवरक्त झाला. ही दोन प्रकरणं मनात वेगळी ठेवली, की कुठलाही फोटो वाचता येतो.

उद्यमबागेतली भट्टी

बेळगावात अवरक्त प्रकाश समजावून सांगायला प्रयोगशाळा शोधावी लागत नाही. उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या एखाद्या फौंड्रीत काम करणारा माणूस घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली सापडतो, आणि त्याला हे आधीच माहीत असतं. लॅडलमधून साच्यात ओतलं जाणारं लोखंड १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पिवळट पांढरं. थंड होताना ते नारिंगी होतं, मग लाल, मग गडद लाल. सुमारे ५०० अंशांच्या खाली आलं, की चमकणं थांबतं आणि कास्टिंग साधं काळं दिसू लागतं. पण त्याला कोणी हात लावत नाही. नुसता तळहात बाजूला धरला तरी झळ लागते. त्या झळेतला मोठा भाग म्हणजे लोखंडातून निघून हातावर येऊन आदळणारा प्रकाशच असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कातडीला कळतो.

यामागचा नियम साधा आहे. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे प्रकाश टाकत असते. तापमान जितकं जास्त, तितकी त्या प्रकाशाची तरंगलांबी कमी. तरंगलांबी मोजायला मायक्रॉन वापरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपले डोळे साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढंच बघतात, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५५०० अंश आहे, त्याच्या प्रकाशाचा जोर ०.५ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे डोळ्यांच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यात. १४०० अंशांच्या लोखंडाचा जोर १.७ मायक्रॉनला. म्हणजे डोळे दिपतील असं लोखंड ओतलं जात असतानासुद्धा त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्तच असतो, आपल्याला दिसते ती फक्त त्याची कड. माणसाचं शरीर नऊ-साडेनऊ मायक्रॉनला सगळ्यात जास्त उजळतं. आपण सगळे रात्रंदिवस चमकत असतो, एकमेकांना दिसत नाही एवढंच.

अवरक्ताचा शोधही याच वाटेने लागला. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून बघितली. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथली तापमापीसुद्धा वर चढली. तिथे प्रकाश होता.

आता हाच नियम दुर्बिणीला लावून बघा, म्हणजे वेब दुर्बीण इतकी विचित्र का दिसते ते कळतं. हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. तिचा आरसा २.४ मीटरचा आहे आणि ती पृथ्वीभोवती पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरते. तिचा आरसा साधारण खोलीच्या तापमानाला ठेवलेला असतो. दृश्य प्रकाशासाठी हे ठीक आहे. पण खोलीच्या तापमानाची वस्तू दहा मायक्रॉनच्या आसपास जोरात चमकते. त्या तरंगलांबीत बघायचं म्हटलं तर दुर्बीण स्वतःच्याच उजेडाने आंधळी होईल. म्हणून हबलच्या आताच्या अवरक्त कॅमेऱ्याची हद्द १.७ मायक्रॉनला संपते.

वेबला ०.६ पासून २८ मायक्रॉनपर्यंत बघायचं होतं. त्यासाठी दुर्बीण गोठवणं भाग होतं. २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून अरियान ५ रॉकेटने ती निघाली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एका जागी, दुसऱ्या लग्रांज बिंदूच्या भोवती, जाऊन स्थिरावली. त्या जागेची सोय अशी, की तिथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र कायम एकाच बाजूला राहतात. उष्णतेचे तिन्ही स्रोत एका बाजूला म्हटल्यावर एकच आडोसा पुरतो. टेनिस कोर्टाएवढा, पाच पातळ थरांचा पडदा तिने उलगडला, आणि पडद्यामागचा आरसा उणे २३० अंशांच्या आसपास गारठला. मधल्या अवरक्त पट्ट्यातल्या मिरी नावाच्या उपकरणाला तेवढंही पुरत नाही. त्याला वेगळ्या शीतकयंत्राने उणे २६६ अंशांच्या आसपास नेऊन ठेवलेलं आहे.

आणि एवढा मोठा आरसा का? दुर्बिणीला किती बारीक तपशील वेगळा दिसेल, हे तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास यावरून ठरतं. उत्तर जितकं लहान, तितका फोटो रेखीव. तरंगलांबी वाढली की फोटो धूसर होतो, आणि ते भरून काढायला आरसा मोठा करावा लागतो. अर्ध्या मायक्रॉनला हबल जेवढं रेखीव बघते, जवळपास तेवढंच रेखीव दोन मायक्रॉनला बघायचं, तर आरसा कितीतरी मोठा हवा. वेबचा ६.५ मीटरचा आहे. बेरिलियमचे, सोन्याचा पातळ मुलामा दिलेले अठरा षटकोनी तुकडे. अखंड आरसा रॉकेटच्या टोकात मावणारच नव्हता, म्हणून घडी. वेबच्या आधी २००३ ते २०२० या काळात स्पिट्झर नावाची अवरक्त दुर्बीण होती. तिचा आरसा जेमतेम ८५ सेंटिमीटरचा. ३.६ मायक्रॉनला तिचा फोटो हबलच्या दृश्य फोटोपेक्षा वीस पट धूसर. स्पिट्झरने मोलाचं काम केलं, पण दूरच्या दीर्घिका तिला एकमेकांत मिसळलेल्या ठिपक्यांसारख्या दिसत.

हे सगळं जमिनीवरून का करत नाहीत, असंही विचारलं जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाशच दिसत नाही. कणकुंबी-आमगावचा पाऊस ज्याने अनुभवलाय त्याला वेगळं सांगायला नको. पण ढग हा त्यातला छोटा भाग झाला. निरभ्र रात्रीसुद्धा डोक्यावरच्या हवेत पाण्याची वाफ असते, आणि ती अवरक्ताचे मोठेमोठे पट्टे गिळून टाकते. वर हवा स्वतःही अवरक्तात चमकते, कारण तीही उबदार आहे. उंच, कोरड्या पर्वतांवरून काही पट्टे मिळतात. बाकीच्यांसाठी हवेबाहेर जावंच लागतं.

जवळच्या दीर्घिका: काळं ते उजळ

मीन तारकासमूहात एम ७४ नावाची दीर्घिका आहे, सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. ती आपल्याकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिच्या सर्पिल भुजा पूर्ण दिसतात. समजावून सांगायला मला हीच सगळ्यात सोयीची वाटते. हबलने घेतलेल्या दृश्य प्रकाशातल्या फोटोत भुजांवर तरुण ताऱ्यांचे निळसर पुंजके आहेत, मध्ये जुन्या ताऱ्यांचा पिवळसर उजेड आहे, आणि जिथे नवे तारे आजूबाजूच्या हायड्रोजनला चमकवतायत तिथे गुलाबी ठिपके. या सगळ्यामधून काळ्या रेघा गेल्यात. त्या रेघा म्हणजे धूळ.

वेबच्या मिरीने घेतलेला त्याच दीर्घिकेचा फोटो शेजारी ठेवा. तारे जवळजवळ गायब. आणि हबलच्या फोटोत ज्या काळ्या रेघा होत्या, त्याच आता झळाळत्या जाळीसारख्या उजळलेल्या. त्या जाळीत ठिकठिकाणी गोल पोकळ्या दिसतात. तरुण ताऱ्यांच्या किरणांनी, वाऱ्यांनी आणि स्फोटांनी भोवतालचा वायू आणि धूळ ढकलून त्या तयार केल्या आहेत.

असं का होतं, ते भट्टीच्या नियमावरून निघतं. दीर्घिकेतली धूळ म्हणजे सिलिकेट आणि कार्बनचे बारीक कण, बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही लहान. ताऱ्यांचा दृश्य आणि अतिनील प्रकाश ते शोषतात, त्याने तापतात, आणि तीच ऊर्जा अवरक्तात परत टाकतात. तापतात म्हणजे किती, तर बहुतेक धूळ उणे अडीचशे अंशांच्या आसपासच राहते. तिचा प्रकाश शंभर मायक्रॉनच्या पलीकडे असतो, तो वेबलाही दिसत नाही. त्यासाठी २००९ ते २०१३ या काळात हर्शेल नावाचीच वेगळी अवकाश दुर्बीण होती. वेबला दिसते ती ताऱ्यांजवळची जास्त तापलेली धूळ, आणि धुळीबरोबर असलेले कार्बनचे मोठे रेणू. अतिनील प्रकाशाचा एकेक कण बसला की हे रेणू थरथरतात आणि ७.७ मायक्रॉन, ११.३ मायक्रॉन अशा ठरलेल्या तरंगलांब्यांना चमकतात. याच कुळातले रेणू चुलीच्या धुरात आणि डिझेलच्या काजळीत असतात. दीर्घिकेच्या भुजांमधून ते भरून राहिलेत, आणि म्हणूनच मिरीच्या फोटोतली जाळी इतकी बारीक आणि सलग दिसते.

विश्वात आजवर ताऱ्यांनी जेवढी प्रकाशऊर्जा बाहेर टाकली, तिच्यातली साधारण निम्मी अशी धुळीत शिरून अवरक्त होऊन बाहेर पडली आहे. फक्त दृश्य प्रकाशात बघणारा माणूस जमाखर्चाची अर्धी वही वाचतच नाही, आणि ही अर्धी वही मुख्यतः नव्या ताऱ्यांच्या जन्माची आहे, कारण तारे जन्मतात ते धुळीच्या दाट ढगांतच. जानेवारी २०२४ मध्ये वेबने घेतलेले अशा एकोणीस जवळच्या सर्पिल दीर्घिकांचे फोटो एकत्र प्रसिद्ध झाले. ज्याला या विषयाची गोडी लावायची आहे, त्याला मी ते एकोणीस फोटो हबलच्या जोडफोटोंसह बघायला सांगेन. एकटा वेबचा फोटो सुंदर दिसतो, पण जोडी बघितल्याशिवाय त्यातून काही कळत नाही.

कन्या तारकासमूहातली एम १०४, सोंब्रेरो, हे दुसरं उदाहरण. ती आपल्याला जवळजवळ कडेने दिसते. हबलच्या फोटोत पांढराशुभ्र फुगवटा आणि त्याला छेदणारी काळी पट्टी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मिरीच्या फोटोत फुगवट्याचा झगमगाट ओसरला, आत सपाट तबकडी दिसली, आणि काळी पट्टी गुठळ्या-गुठळ्यांचं उजळ कडं झाली.

धूळ पारदर्शक होते असं म्हणतात ते मुख्यतः जवळच्या अवरक्तात, म्हणजे एक ते पाच मायक्रॉनच्या पट्ट्यात. इथे धूळ स्वतः फारशी चमकत नाही आणि प्रकाश अडवतही कमी. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच आकाशगंगेचं केंद्र. पावसाआधीच्या मे महिन्यात मध्यरात्रीनंतर चोर्ल्याच्या बाजूने दक्षिणेला बघितलं, तर धनू राशीत आकाशगंगेचा पट्टा सगळ्यात दाट असतो आणि त्याच्या मधोमध काळे फाटे दिसतात. केंद्र त्या धुळीच्या मागे आहे. तिथून आपल्या दिशेने निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांमधला एखादाच इथवर पोचतो. दोन मायक्रॉनच्या पुढे मात्र दहा-पंधरांतला एक पोचतो. या खिडकीतूनच केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजल्या गेल्या आणि तिथल्या सूर्याच्या चाळीस लाख पट जड कृष्णविवराचा पुरावा मिळाला. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं ते यासाठी.

दूरच्या दीर्घिका: वाटेत ताणलेला प्रकाश

आता दुसरं प्रकरण. इथे धुळीचा विचार बाजूला ठेवायचा.

विश्व प्रसरण पावतंय. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली आणि एडविन हबल यांनी १९२९ साली ते मांडलं. अवकाशच ताणलं जात असल्यामुळे त्यातून प्रवास करणारी प्रकाशाची लाटही ताणली जाते. याला ताम्रसृती म्हणतात, इंग्रजीतलं रेडशिफ्ट. खगोलशास्त्रज्ञ तिचा आकडा सांगतात, आणि त्या आकड्यात एक मिळवला की प्रकाश किती पट ताणला गेला ते मिळतं. ताम्रसृती १ म्हणजे दुप्पट, ४ म्हणजे पाचपट. देवयानीसारख्या शेजारणीला हा नियम लागू पडत नाही, ती गुरुत्वाकर्षणाने उलट आपल्याकडेच येतेय. पण लांब जाऊ तसतसा ताण वाढत जातो.

ताम्रसृती ४ असलेल्या दीर्घिकेतून हिरवा प्रकाश निघाला, ०.५ मायक्रॉनचा. आपल्यापर्यंत येईतो तो २.५ मायक्रॉनचा होतो. हबलला तो दिसणारच नाही. हबलला त्या दीर्घिकेचं जे काही दिसेल, ते निघताना ०.३४ मायक्रॉनपेक्षा कमी होतं, म्हणजे अतिनील. अतिनील प्रकाश जास्त करून तरुण, तापलेल्या ताऱ्यांचा असतो, आणि ते पुंजक्यापुंजक्यांनी असतात. त्यामुळे हबलच्या फोटोंमध्ये दूरच्या दीर्घिका बऱ्याचदा तुटक, वेड्यावाकड्या दिसायच्या. त्या खरंच तशा आहेत, की फक्त त्यांचा अतिनील भाग दिसल्यामुळे तशा वाटतात, हे हबलच्या फोटोंवरून ठरवणं फार अवघड होतं.

वेबने हा प्रश्न सोडवायला सुरुवात केली, आणि त्यातलं एक सुंदर उत्तर पुण्यातून आलं. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या फोटोंमधून ताम्रसृती ४ च्या सुमाराची एक दीर्घिका शोधली, तिला अलकनंदा नाव दिलं, आणि २०२५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. विश्वाचं वय तेव्हा सुमारे दीडशे कोटी वर्षं होतं, आज ते १३८० कोटी आहे. एवढ्या लवकरच्या काळात दोन सुबक सर्पिल भुजा आणि सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांचा व्यास असलेली, घडलेली दीर्घिका असेल अशी अपेक्षा नव्हती. अवरक्तात बघितल्यामुळे तिचा निघतानाचा दृश्य प्रकाश हाती लागला. म्हणजे त्या वेळी तिच्या शेजारी कोणी डोळे उघडून बसलं असतं, तर त्याला जशी दिसली असती, तशी ती आता आपल्याला दिसते.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आपल्या जवळची आहे. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर, जो २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, अतिनील प्रकाश बघणारी जोडदुर्बीण आहे. ती उभारण्याचं मुख्य काम बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने केलं. २०२० मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा अतितीव्र अतिनील प्रकाश टिपला. तो निघताना ०.०६ मायक्रॉनचा होता, आपल्यापर्यंत येताना अडीचपट ताणला गेला. आपल्या हवेबाहेर हबलसारखी मोठी दुर्बीण असताना आणि अॅस्ट्रोसॅटवरच्या दुर्बिणीचे आरसे जेमतेम पावणेचारशे मिलिमीटरचे असताना, ती नोंद याच दुर्बिणीने केली. ताणलेला प्रकाश म्हणजे अवरक्तच, असं नाही. कुठून निघाला आणि किती ताणला, या दोन्हींवर ते ठरतं. पुणे-बेंगळुरू महामार्ग बेळगावातून जातो. दीर्घिका बघण्याच्या या कामात त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांचा हात आहे, हे इथल्या शाळांमध्ये मुलांना आवर्जून सांगायला हवं.

दूर बघण्याची ही हौस सुरू झाली ती हबलच्या एका धाडसी निर्णयाने. डिसेंबर १९९५ मध्ये त्या दुर्बिणीच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या वाट्याचा वेळ सप्तर्षीजवळच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर खर्च केला. सलग दहा दिवस. जागेचा आकार पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या बाराव्या भागाइतका. काहीच मिळणार नाही, वेळ वाया जाईल, असा इशारा जाणत्या लोकांनी दिला होता. त्या तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. २००४ च्या दुसऱ्या, आणखी खोल फोटोत दहा हजारांच्या आसपास. मला आजही वेबच्या कुठल्याही फोटोपेक्षा १९९५ चा तो फोटो मोठा वाटतो, कारण तो घेताना तिथे काय असेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

हबल थांबली कुठे, त्याचं कारणही नेमकं सांगता येतं. सुरुवातीच्या विश्वात दीर्घिकांमधली पोकळी हायड्रोजन वायूने भरलेली होती, आणि तो वायू ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळतो. त्यामुळे दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटात एक कडा असते. तिच्या एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ताम्रसृती ७ असेल तर ही कडा आठपट सरकून ०.९७ मायक्रॉनला येते. म्हणजे त्या दीर्घिकेचा दृश्य पट्ट्यात एकही कण पोचत नाही. ताम्रसृती १४ च्या पुढे गेलं, की कडा १.८ मायक्रॉनच्या पलीकडे जाते, आणि हबलची हद्द १.७ ला संपलेली असते. अशी दीर्घिका हबलने शंभर वर्षं टक लावून बघितली तरी दिसणार नाही.

वेबने २०२४ मध्ये दाखवलेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही अशीच एक. तिची ताम्रसृती १४.२ च्या आसपास आहे. प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम ३० कोटी वर्षं होतं. २०२५ मध्ये तिच्याहून किंचित पुढची आणखी एक सापडली. यातली नवलाची गोष्ट अंतरापेक्षा तेजाची आहे. इतक्या लवकर इतक्या उजळ दीर्घिका तयार व्हायला नकोत, असं आधीची गणितं सांगत होती. तारे अपेक्षेपेक्षा भराभर जन्मत होते, धूळ कमी होती, की आणखी काही, यावर सध्या जोरात काम चालू आहे. जेड्सच्या त्या दीर्घिकेत ऑक्सिजनही सापडला, म्हणजे ताऱ्यांची निदान एक पिढी तोवर जगून मेलेली होती.

आणि रंग?

हबल असो वा वेब, दोघींच्या कॅमेऱ्यांना फक्त उजेड-काळोख कळतो. एकेक फिल्टर लावून वेगवेगळे राखाडी फोटो घेतले जातात. मग ते एकत्र करताना एक नियम पाळतात. सगळ्यात लांब तरंगलांबीचा फोटो तांबडा करायचा, सगळ्यात आखूड निळा, मधले मध्ये. म्हणजे रंगांचा क्रम खरा असतो, पट्टा तेवढा डोळ्यांच्या हद्दीत सरकवलेला असतो. वेबच्या खोल फोटोतली तांबडी दीर्घिका दिसली, की तिचा प्रकाश जास्त तरंगलांबीकडे झुकलेला आहे एवढं नक्की. ती फार दूर आहे की धुळीने भरलेली आहे, हे त्यावरून ठरत नाही, त्यासाठी वर्णपट बघावा लागतो. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे: रंग माणसांनी दिलेले आहेत, पण मनाला येईल तसे नाहीत. आणि जांबोटीहून देवयानी राखाडी दिसते ती तिला रंग नाही म्हणून नाही. इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत.

मोबाइलवर आलेला फोटो कोणाचा, हे ओळखायला ताऱ्यांभोवतीचे काटे बघा. चार असतील तर बहुधा हबलचा. सहा ठळक आणि दोन बारीक आडवे असतील तर वेबचा. सहा ठळक काटे षटकोनी आरशांमुळे पडतात, दोन बारीक पुढचा छोटा आरसा धरून ठेवणाऱ्या दांड्यांमुळे. काटे असलेले ठिपके बहुतेक आपल्याच आकाशगंगेतले तारे असतात, दीर्घिका त्यांच्या मागे.

अधिकृत फोटोखाली फिल्टरची नावं दिलेली असतात, ती मात्र वगळू नका. वेबच्या बाबतीत एफ२००डब्ल्यू म्हणजे २.०० मायक्रॉन, एफ४४४डब्ल्यू म्हणजे ४.४४, एफ७७०डब्ल्यू म्हणजे ७.७०, म्हणजे तेच काजळीवाले रेणू. हबलच्या दृश्य कॅमेऱ्याचा एफ८१४डब्ल्यू मात्र ०.८१४. हबल-वेबचे मूळ राखाडी फोटो अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या अभिलेखागारात ठेवलेले असतात. काहींना पहिलं वर्षभर शोधकर्त्यांसाठी राखीव ठेवतात, नंतर ते सगळ्यांना फुकट उतरवून घेता येतात. ते उघडायचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. नंदगड किंवा निपाणीच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला जेड्सच्या त्या दीर्घिकेची जागा शोधून एफ१५०डब्ल्यू आणि एफ२७७डब्ल्यू हे दोन फोटो शेजारी उघडता येतील. पहिल्यात त्या जागी काहीच नाही. दुसऱ्यात ठिपका आहे. मधे कुठेतरी १.८५ मायक्रॉनची ती हायड्रोजनची कडा आहे, आणि तिला ०.१२१६ ने भागलं, की प्रकाश किती पट ताणला गेला तो आकडा स्वतःच्या हाताने काढता येतो.